पुणे शहराचे श्वानविषयक नियम आणि ‘हिंस्र’ या विशेषणाचा इतिहास

पुणे शहराचा नागरी कारभार ज्या अधिनियमानुसार चालतो तो मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने केलेला १९४९ चा ५९ वा अधिनियम होय. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली ती याच अधिनियमाखाली. पुढे त्याच्या नावातील ‘मुंबई प्रांतिक’ हे शब्द जाऊन ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. आतील मजकूर पुष्कळसा होता तसाच राहिला. या अधिनियमाच्या परिशिष्टातील चौदाव्या प्रकरणात २२ वा नियम कुत्र्यांची नोंदणी आणि नियंत्रण यासंबंधी आहे. आपल्या मालकीचा अथवा ताब्यातील हिंस्र कुत्रा मुसके बांधल्यावाचून कोणी मोकळा सोडू नये, अशी त्यातील एक आज्ञा. ज्या शब्दासाठी येथे ‘हिंस्र’ म्हटले आहे तो मूळ इंग्रजीतील ‘फेरोशस’ हा शब्द. अधिनियमाच्या प्रारंभी व्याख्यांचे एक दीर्घ कलम आहे. इमारत, रस्ता, गटार, घरमालक अशा कितीतरी शब्दांचा अर्थ तेथे निश्चित करून दिला आहे. हिंस्र कुत्रा कोणता, हे मात्र अधिनियमात कोठेही सांगितलेले नाही.

ही उणीव मसुदा करणाऱ्याच्या नजरचुकीची नाही. ती वारशाने आलेली आहे. लंडन शहराच्या पोलिसांसाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८३९ साली जो कायदा केला त्याच्या ५४ व्या कलमात रस्त्यावरील उपद्रवांची एक लांबलचक जंत्री आहे. हिंस्र कुत्रा मुसक्याविना मोकळा सोडणे आणि माणसावर, घोड्यावर किंवा अन्य जनावरावर कुत्रा ‘छू’ करून घालणे हे दोन अपराध त्या जंत्रीत एकाच उपकलमात, एकापाठोपाठ एक आलेले आहेत. १८४७ साली इंग्लंडमधील इतर नगरांसाठी कायदा झाला. त्यात ही जोडी उतरली. तेथून ती मुंबई इलाख्याच्या पोलीस व नगरविषयक कायद्यांत आली आणि शेवटी पुण्याच्या २२ व्या नियमात येऊन बसली. एकशे दहा वर्षांच्या या प्रवासात विशेषण बदलले नाही, क्रमही बदलला नाही. लंडनच्या दंडाधिकाऱ्यास ‘फेरोशस’ म्हणजे काय हे सांगण्याची गरज कोणास वाटली नव्हती. तो शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातला होता. पुण्याच्या कारकुनास आणि फिर्यादीस तो तसा नव्हता. गृहीत अर्थावर विसंबलेला शब्द दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात गेला की त्याचा गृहीत अर्थ मागे राहतो आणि केवळ शब्द पुढे जातो, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

मराठीत या अर्थक्षेत्रासाठी शब्दांची वाण नाही. परंतु ते शब्द निराळ्या तत्त्वावर बनलेले आहेत. ज्या कुत्र्यापासून जपावयाचे त्याला मराठी माणूस ‘हिंस्र’ म्हणत नाही, ‘चावरा’ म्हणतो. लाजरा, बुजरा, हसरा या शब्दांतील जो प्रत्यय तोच येथे आहे. तो वस्तूचा मूळ स्वभाव सांगण्यापेक्षा पुन्हा पुन्हा घडणाऱ्या क्रियेवरून पडलेली सवय सांगतो. मुसंडी मारणाऱ्या बैलाला ‘मारका’ म्हणतात त्याचीही घडण तशीच. एखादे कुत्रे एकदा चावले म्हणून ते लगेच चावरे ठरत नाही, आणि जे कधीच चावले नाही ते कितीही धिप्पाड असो वा त्याचे गुरगुरणे कितीही भयंकर असो, त्याला चावरे म्हणता येत नाही. उलट ‘हिंस्र’ हा शब्द वाघसिंहांचा आहे. त्यात जातीचा स्वभाव अभिप्रेत असतो; एका विशिष्ट जनावराच्या पूर्ववृत्ताशी त्याला कर्तव्य नाही. तिसरा शब्द ‘पिसाळलेला’. पिसे म्हणजे वेड. त्याच मूळचा हा शब्द एका रोगाचे नाव घेतो. यावरून असे दिसेल की धोकादायक कुत्र्याच्या मराठीत तीन निरनिराळ्या कल्पना आहेत: जातीने धोकादायक, सवयीने धोकादायक आणि रोगाने धोकादायक. पुढील सव्वाशे वर्षांतील कायद्यांचा गोंधळ पुष्कळसा या तिन्ही कल्पना एकाच विशेषणाखाली कोंबण्यातून निर्माण झालेला आहे.

प्राचीन भारतीय व्यवहारशास्त्राने हा प्रश्न विशेषणावर सोडलाच नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दाढा असलेल्या आणि शिंगे असलेल्या प्राण्यांच्या मालकासंबंधी एक नियम आहे. असा प्राणी एखाद्याला इजा करीत असता त्याला सोडविण्याचे सामर्थ्य अंगी असूनही जो मालक सोडवीत नाही त्याला प्रथम साहसाचा दंड; आणि संकटात सापडलेल्याने हाक मारल्यावरही जो हलत नाही त्याला दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच दंड, याच दुपटीसह, सांगितला आहे. महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानल्या गेलेल्या मिताक्षरेचा आधारग्रंथ याज्ञवल्क्यस्मृतीच असल्याने हा नियम येथील धर्मशास्त्रज्ञांना अपरिचित असण्याचे कारण नाही. त्यातील विवेक सूक्ष्म आहे. प्राणी कसा आहे हे तेथे विचारलेले नाही. दाढा किंवा शिंगे असणे एवढे पुरे. अपराध घडतो तो मालकाच्या स्वस्थ बसण्याने, आणि ‘हाक मारली होती काय’ हा प्रश्न साक्षीपुराव्याने सुटणारा आहे.

मात्र या नियमालाही मालक लागतो. पुण्याच्या जुन्या पेठांतील बहुसंख्य कुत्र्यांना या अर्थाने मालक नव्हता. वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्यासाठी भूमीवर अन्न ठेवण्याचा विधी गृहस्थाच्या नित्यकर्मात होता. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तमूर्तीच्या पायांशी चार आहेत. शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीस दाखवितात. परंतु राजाचा लाडका कुत्रा हा अपवाद. सामान्य कुत्रा वाड्याचा असे, आळीचा असे, देवळाचा असे. या षष्ठीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ‘वाड्याचा कुत्रा’ या प्रयोगात वाडा हा मालक नाही. त्या कुत्र्याला उरलेसुरले अन्न घालणारी दहा बिऱ्हाडे असतात, रात्री परक्याच्या चाहुलीने तो भुंकला तर ती सर्व निर्धास्त झोपतात, पण ‘हा कुत्रा कोणाचा?’ असे दरडावून विचारले तर एकही बिऱ्हाड ‘आमचा’ म्हणून पुढे येत नाही. भाषेने येथे जो संबंध व्यक्त केला आहे तो स्थानाचा आणि सहवासाचा आहे, स्वामित्वाचा नव्हे. इंग्रजी कायद्याला या संबंधासाठी शब्द नव्हता. त्याच्या दृष्टीने कुत्रा एक तर कोणाच्या तरी मालकीचा, नाही तर ‘स्ट्रे’, म्हणजे चुकलेला, भरकटलेला.

हे दोन दृष्टिकोण प्रथम एकमेकांवर आदळले ते मुंबईस. रस्त्यावरील कुत्री वर्षाच्या ठराविक काळात मारण्याचा प्रघात कंपनी सरकारने तेथे पाडला होता. १८३२ साली ती मुदत वाढविण्यात आली आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळत असल्याने त्यांचा उत्साहही वाढला. धनी असलेली कुत्रीही घरांतून ओढून नेली जातात, अशी तक्रार होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. मृतदेहाला कुत्र्याचे दर्शन घडविण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग. ६ जून १८३२ रोजी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर लोकांनी हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, लष्कराला होणारा अन्नाचा पुरवठा अडला, आणि पारशांच्या बरोबरीने हिंदू, जैन व मुसलमानही या बंदात उतरले. सरकारने सैन्य आणून दंगा मोडला; पण हत्येचे धोरण जसेच्या तसे चालविणे त्यालाही शक्य झाले नाही. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली निघाली ती सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने. तिच्या स्थापनेमागे या घटनेची आठवण होती.

या दंग्याकडे धार्मिक भावनेचा उद्रेक म्हणून पाहण्याची पद्धत आहे, आणि ती खोटी नाही. परंतु दंग्याच्या मुळाशी असलेला साधा प्रश्न खुणेचा होता. शिपायाने ओळखावे कसे? दाराशी बसलेला कुत्रा घरातला की रस्त्यावरचा, हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. पुढच्या काळात या इलाख्यातील कायद्यांत गळपट्ट्याला जे विलक्षण महत्त्व प्राप्त झाले त्याचे एक कारण या अनुभवात असावे, असे मानण्यास जागा आहे. कुत्रा धोकादायक आहे की नाही हे ठरविणे अवघड. त्याच्या गळ्यात पट्टा आहे की नाही हे पाहणे सोपे. कायद्याने अवघड प्रश्नाच्या जागी सोपा प्रश्न ठेवला.

१८६० ची भारतीय दंडसंहिता याला अंशतः अपवाद होती. तिच्या २८९ व्या कलमाने धोकादायक जनावर कोणते हे सांगण्याचा प्रयत्नच केला नाही. आपल्या ताब्यातील कोणत्याही जनावरापासून मनुष्याच्या जिवाला अथवा त्याला भारी दुखापत होण्याचा जो संभवनीय धोका असेल तो टाळण्यापुरती व्यवस्था ठेवण्यात जो जाणूनबुजून किंवा हयगयीने कसूर करील त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. याज्ञवल्क्याच्या नियमाशी या कलमाचे नाते अधिक जवळचे वाटते, कारण येथेही भार मालकाच्या वर्तनावर आहे. मात्र त्याच संहितेची ४२८ व ४२९ ही कलमे वाचली म्हणजे कुत्र्याचे दुसरे रूप दिसते. जनावर मारणे वा जायबंदी करणे हा तेथे नासधुशीचा गुन्हा आहे. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांना किंमतीची अट नाही. इतर जनावरे मात्र दहा रुपये किंवा अधिक किंमतीची असतील तरच त्यांच्या हत्येला शिक्षा, आणि पन्नास रुपये किंवा अधिक किंमतीची असतील तर ती अधिक कडक. कुत्रा या ‘इतरां’त पडला. विलायती कुत्रा या कलमांखाली संरक्षित होता. वाड्याच्या कुत्र्याला बाजारभाव नसल्याने तो नव्हता. ही किंमतीची अट १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात येईपर्यंत, म्हणजे एकशे साठ वर्षांहून अधिक काळ, टिकून राहिली. नव्या संहितेच्या ३२५ व्या कलमात ‘कोणतेही जनावर’ एवढेच शब्द आहेत. हयगयीचे जुने २८९ वे कलम तेथे २९१ वे झाले असून दंडाची मर्यादा पाच हजार रुपये झाली आहे.

पुण्यापुरते पाहिल्यास आणखी एक भेद महत्त्वाचा ठरतो. १८१८ नंतर या नगराचे दोन भाग झाले: शहर आणि लष्कर. पुणेकर आजही कॅम्पाला ‘लष्कर’ म्हणतात. लष्करात साहेबांचे बंगले, त्यांची शिकारी व पाळीव कुत्री, आणि त्या कुत्र्यांना गावातल्या कुत्र्यांपासून रोग लागेल ही सततची धास्ती. १९२४ च्या कँटोनमेंट अधिनियमाचे ११९ वे कलम या परिस्थितीचे अपत्य आहे. हद्दीतील प्रत्येक कुत्र्याची नोंदणी करण्याची, त्याच्या गळपट्ट्यास धातूचा बिल्ला लावण्याची, बिल्ल्याविना सापडलेला कुत्रा अटकावून ठेवण्याची आणि एका आठवड्यात फी भरून कोणी तो सोडविला नाही तर त्याची विल्हेवाट लावण्याची तरतूद त्यात आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा नाश करण्याचा अधिकार आहे. आपला कुत्रा लोकांना त्रास देईल वा भेवडावील हे ज्याला ‘ठाऊक’ आहे अशा मालकाने त्याला साखळी व मुसक्याशिवाय रस्त्यावर आणू नये, असेही त्यात म्हटले आहे. १९४९ च्या अधिनियमातील २२ वा नियम यानंतर वाचला असता तीच योजना जवळजवळ त्याच शब्दांत पुढे येते. ‘बोर्ड’ जाऊन ‘आयुक्त’ आले, ‘कँटोनमेंट’ जाऊन ‘शहर’ आले. लष्कराने आपल्या बंगल्यांसाठी जो कायदा केला होता तो शनिवार, नारायण आणि कसबा या पेठांना लागू झाला. बंगल्याला फाटक असते, वाड्याचा दिंडीदरवाजा दिवसभर उघडा असतो. हा फरक नियमाच्या मजकुरात कोठेही उमटलेला नाही.

२२ व्या नियमातील दोन उपकलमे मालकाच्या हक्कांच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहेत. आयुक्तांनी जाहीर सूचना दिल्यावर, ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही किंवा खाजगी मालमत्ता असल्याची खूण नाही, आणि जी रस्त्यावर किंवा मालकाच्या आवाराबाहेर भटकताना आढळतील, अशी कुत्री मारविता येतात. आणि या नियमाखाली मारलेल्या वा विल्हेवाट लावलेल्या कुत्र्याबद्दल कोणतीही नुकसानभरपाई देय होणार नाही. म्हणजे मालकाचा हक्क पट्ट्याच्या चामड्यात सामावलेला आहे. पट्टा तुटला, मुलाने काढून ठेवला, की तो हक्क संपला. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे ४४ वे कलम याच मार्गाने जाते, पण मुदत निराळी देते. जाहीर सूचना अंमलात असता मुसक्याविना सापडलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचे नाव व पत्ता असेल तर त्याला तत्काळ न मारता अटकावून ठेवावे, मालकास कळवावे, आणि तीन पूर्ण दिवसांत त्याने मुसके आणून खर्च भरला नाही तर कुत्रा मारावा वा विकावा. नगरपालिकेच्या नियमात आठवडा, पोलिसांच्या कलमात तीन दिवस. पुण्यात १९६५ साली पोलीस आयुक्तालय स्थापन होईपर्यंत हा दुसरा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे होता. एकाच शहरात, एकाच कुत्र्याच्या बाबतीत, मालकाला किती दिवस मिळतील हे कुत्रा कोणाच्या गाडीत पडला यावर अवलंबून राहिले. शिवाय त्याच १९४९ च्या अधिनियमाच्या १२७ व्या कलमाने महापालिकेला कुत्र्यांवर कर बसविण्याचीही मुभा दिली होती. ज्या मालमत्तेवर कर घेता येतो तिच्या नाशाची भरपाई मात्र द्यावयाची नाही, ही तडजोड मसुदाकारांना विसंगत वाटली नसावी.

‘मुसके’ या शब्दावर येथे थोडे थांबावयास हरकत नाही. मराठी शेतकऱ्याच्या घरचे मुसके बैलाच्या तोंडाला बांधण्यासाठी असते. मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये एवढाच त्याचा हेतू, आणि मळणी संपली की ते निघते. कुत्र्याच्या तोंडाला काही बांधावयाचे असते ही कल्पनाच येथे परकी होती. पोलीस अधिनियमात मुसके कसे असावे याचे वर्णन आहे: चावता येऊ नये, पण श्वास घेण्यास व पाणी पिण्यास अडथळा होऊ नये. ‘हिंस्र’ची व्याख्या न करणाऱ्या कायद्याने मुसक्याची व्याख्या केली.

स्वातंत्र्योत्तर कायद्याने या चित्रात प्राण्याच्या बाजूने एक रेषा ओढली. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात भटकी कुत्री विहित पद्धतीने मारण्याला अपवाद म्हणून मुभा होतीच. परंतु त्याच अधिनियमाखाली २४ डिसेंबर २००१ रोजी जे नियम झाले त्यांनी दिशा बदलली. कुत्र्यांचे दोनच वर्ग मानले गेले: पाळीव आणि रस्त्यावरचे. इंग्रजी मजकुरात वर्गाचे नाव म्हणून ‘स्ट्रे’ऐवजी ‘स्ट्रीट’ हा शब्द आला. दिसावयास हा किरकोळ बदल. पण पहिला शब्द भटकण्याची क्रिया सांगतो आणि दुसरा राहण्याचे ठिकाण. वास्तविक मराठीतील ‘भटका कुत्रा’ हा प्रयोगही तपासून पाहण्यासारखा आहे. आपल्या कोपऱ्याची हद्द सोडून दुसऱ्या आळीत पाऊल टाकण्याची ज्याची छाती होत नाही, जो जन्मभर एका पाराखाली वा एका हॉटेलाच्या पायरीशी काढतो, त्याला लोक भटका म्हणतात. आणि जो रोज सकाळी मालकासोबत तीन आळ्या फिरून येतो तो पाळीव. २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लस झाल्यावर कुत्रा जेथून उचलला तेथेच परत सोडण्याची आज्ञा केली. स्थानाचा संबंध कायद्याने मान्य केला तो प्रथम येथे. चावल्याची तक्रार आली आणि तपासणीत कुत्रा पिसाळलेला न निघता केवळ ‘तामसी स्वभावाचा’ निघाला, तर त्याला प्राणिकल्याण संस्थेच्या हवाली करावे व तिने त्याला सुधारावे, असेही एक कलम होते. ‘हिंस्र’ हा दंडनीय गुण होता तो आता उपचारयोग्य ठरला.

साहजिकच जुने नियम आणि नवे नियम यांची गाठ पडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९ डिसेंबर २००८ रोजी, गोव्यातील एका संस्थेच्या व इतर याचिकांवर, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने उपद्रवी कुत्री मारण्याचा स्थानिक कायद्यांतील अधिकार कायम असल्याचे मत दिले. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि ९ मे २०२४ रोजी ते प्रकरण निकालात काढताना, मधल्या काळात २०२३ चे नवे नियम आल्यामुळे, पुढील वाद त्या नियमांच्या आधारे त्या त्या उच्च न्यायालयांपुढे न्यावेत असे सांगितले. म्हणजे पंधरा वर्षे ज्याची वाट पाहिली तो प्रश्न उत्तराविना परत आला. २०२३ च्या नियमांनी आणखी एक नाव दिले: समाजाचे, म्हणजे वस्तीचे, प्राणी. ज्यांच्यावर कोणत्याही व्यक्तीने वा संस्थेने मालकी सांगितलेली नाही असे, वस्तीत जन्मलेले प्राणी. पुण्यातील जुन्या बिऱ्हाडकरूला हे नाव नवीन वाटले नसते. तो त्याला ‘आळीचा कुत्रा’ म्हणत आला होता.

जातीने धोकादायक या कल्पनेचा प्रवेश मात्र अलीकडचा आहे आणि तोही आयात केलेला. ब्रिटनमध्ये १८७१ चा कायदा कुत्रा धोकादायक असून नीट ताब्यात नाही एवढेच पाहत असे. १९९१ साली तेथे प्रथमच जातींची नावे कायद्यात आली: पिट बुल टेरिअर, जपानी तोसा आणि पाठोपाठ आणखी दोन. तेथील मसुदाकारांनी ‘जात’ हा शब्द टाळून ‘अमुक म्हणून ओळखला जाणारा प्रकार’ असा शब्दप्रयोग केला. १९९३ साली तेथील न्यायालयाने ‘प्रकार’ हा ‘जाती’पेक्षा व्यापक असल्याचे ठरविले. म्हणजे कुत्रा वंशावळीवरून नव्हे, दिसण्यावरून धोकादायक ठरू शकतो.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना एक परिपत्रक पाठविले. त्यात तेवीस नावांची यादी होती. या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, स्थानिक संस्थांनी त्यांना परवाने देऊ नयेत आणि आधीच पाळलेल्यांचे निर्बीजीकरण व्हावे, असा तिचा आशय. भाषेच्या अभ्यासकाने ती यादी अवश्य वाचावी. ‘तोसा इनू’ आणि ‘जपानी तोसा’ ही एकाच कुत्र्याची दोन नावे तीत दोनदा आली आहेत. ‘टेरिअर’ हे नाव एका जातीचे नाही. बिळात शिरून शिकार हुडकणाऱ्या कितीतरी लहानमोठ्या कुत्र्यांचा तो वर्ग आहे, आणि त्यात मांडीवर बसविण्याजोगे कुत्रेही मोडतात. यादीच्या अखेरीस ‘बँडॉग या नावाने सामान्यतः ओळखला जाणारा प्रत्येक प्रकारचा कुत्रा’ असे शब्द आहेत. १९९१ च्या ब्रिटिश कायद्याचा प्रतिध्वनी त्यात सहज ऐकू येतो. बँडॉग हा जुना इंग्रजी शब्द. त्याचा पूर्वावयव आणि संस्कृतातील ‘बन्ध्’ हा धातू एकाच मूळचे. बँडॉग म्हणजे बांधून ठेवलेला कुत्रा. कायद्याला हवा असलेला कुत्रा नेमका तोच. आणि पुण्याच्या रस्त्यावर रात्री दुचाकीमागे धावणाऱ्या ज्या गावठी कुत्र्याचे भय लोकांना वाटते त्याचे नाव या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याला जात नाही.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे परिपत्रक रद्द केले; १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच केले. ज्यांच्यावर परिणाम व्हावयाचा त्यांना विचारले नव्हते, हे दोन्हीकडील प्रमुख कारण. मालकांच्या हक्कांच्या इतिहासात या निर्णयांचे मोल आहे. २२ व्या नियमाखाली पट्टा हरवलेल्या कुत्र्याच्या मालकाला बोलण्यास जागा नव्हती. येथे निदान जातीवर शिक्का मारण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे लागेल असे ठरले. भारतीय प्राणिकल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला सर्वसाधारण सभेच्या बहुमतानेही सभासदाला कुत्रा पाळण्यास बंदी करता येत नाही, हेही याच प्रवाहातले. वाडे पाडून जेथे सदनिका उभ्या राहिल्या तेथे हा वाद आता जिन्यात आणि उद्वाहकात चालतो.

चावा घेतला गेलेल्या माणसाची बाजू या सर्व इतिहासात सर्वांत दुबळी राहिली, हे सांगितलेच पाहिजे. पाळीव कुत्रा चावला तर त्याला कोणाचे तरी नाव घेता येते. आळीचा कुत्रा चावला तर दंडसंहितेचे कलम लागू पडत नाही, कारण ते ‘ताबा’ विचारते. १९०० साली कसौलीस पाश्चर संस्था निघण्यापूर्वी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या माणसाला या देशात उपचारच नव्हता. त्यानंतरही पोटात चौदा सुया घेण्याची धास्ती दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात राहिली. नुकसानभरपाई ही कल्पना तर फारच अलीकडची. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे मोजमाप ठरविले: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये आणि मांस निघाले असल्यास जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार; ही जबाबदारी प्रथमतः राज्याची. कुत्र्याचा स्वभाव, जात, पट्टा यांपैकी काहीही तेथे विचारलेले नाही. जखम मोजली आहे. अपरार्क किंवा विज्ञानेश्वर यांच्यासारख्या भाष्यकाराला ही पद्धत परकी वाटली नसती.

२०२५ साली दिल्लीतील कुत्र्यांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला सर्व कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि लस व निर्बीजीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र पिसाळलेली, तशी शंका असलेली किंवा ‘आक्रमक वर्तन’ करणारी सोडू नयेत, असे म्हटले; प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढली. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवून ती पुन्हा तेथे न सोडण्यास सांगितले. या आदेशांत जातीचे नाव नाही, पट्ट्याचे नाही. ‘हिंस्र’ हेही विशेषण नाही; त्याच्या जागी वर्तन हा शब्द आहे, आणि तो ‘चावरा’ या मराठी शब्दाच्या बराच जवळ जातो. परंतु कुत्रा एकदा गुरगुरला तर ते आक्रमक वर्तन काय, पिलांच्या रक्षणासाठी अंगावर आला तर काय, ते कोणी पाहिले असले पाहिजे आणि कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावयाचा, हे ऑगस्टच्या आदेशाने सांगितले नाही. पुण्यापुरते बोलावयाचे तर हा निर्णय उचलणाऱ्या पथकाकडे, त्याला दूरध्वनी करणाऱ्या रहिवाशाकडे आणि त्याच कुत्र्याला रोज खाऊ घालणाऱ्या शेजाऱ्याकडे येऊन पडतो. त्या तिघांचे एकमत झाले नाही तर पाहावयाचा तो २२ वा नियम परिशिष्टात आहे, आणि ‘फेरोशस’ या शब्दापुढची व्याख्येची जागा तेथे रिकामीच आहे.